पुण्याचे संशोधन आणि आपले खोरे

(कोळवण, तालुका मुळशी येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून ऐकत आलो आहोत. माहेर म्हटले की सणावाराला लेकीच्या घरी काही पाठविणे आलेच. पुण्याच्या प्रयोगशाळांतून आणि ग्रंथालयांतून या खोऱ्यात काय येते, आणि या खोऱ्यासारख्या मुलखातून तिकडे काय गेले, एवढाच हिशेब मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

पौडहून इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागतात. मावळ-मुळशीच्या घराघरांत आज शिजणारा इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. आय. आर. ८ हा बुटका, वाऱ्यापावसात सहसा न लोळणारा भात. तो फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली जगापुढे ठेवला. आंबेमोहोराचा वास मात्र कोणत्याही प्रयोगशाळेने निर्माण केला नव्हता. दरसाल चांगली लोंबी निवडून, बी वेगळे राखून तो आपल्या आजे-पणज्यांनी टिकविला. शास्त्रज्ञांचे श्रेय त्यामुळे रतिभरही कमी होत नाही; परंतु शोधनिबंधात पैदासकाराचे नाव येते, बी राखणाऱ्याचे येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास अवघ्या ७ एकरांवर आले होते, असे त्यांनी दाखविले. 'शेतकरी कर्जबाजारी का?' या प्रश्नाला तोपर्यंत उधळपट्टीचे ठरावीक उत्तर मिळत असे. येथे प्रथमच एका गावाचे आकडे बोलू लागले. जमिनीच्या तुकड्यांचा जो प्रश्न त्या पाहणीने ऐरणीवर आणला, त्यावर मुंबई प्रांताने १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा केला. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची पाहणी हाती घेतली, ती याच वाटेने.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. त्या शिवारावर उंच इमारती उभ्या आहेत. तेथील जुनी शेती पाहावयाची तर मॅनसाहेबांचे पुस्तकच उघडावे लागते, आणि ते पुस्तक इंग्रजीत आहे. ज्यांच्या घरांतील कर्ज, बैल आणि भांडीकुंडी मोजली गेली, त्यांना ते कधी वाचता आले नाही. मुळशीत जमिनीचे व्यवहार कोणत्या वेगाने चालले आहेत, हे मी आपल्याला सांगावयास नको. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह आपण अभिमानाने आठवतो. पण धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या खाचरांची, पाणवठ्यांची आणि बियाण्यांची नावे ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्याबरोबर ती पुष्कळशी गेली.

नोंद करणे आणि ती छापून ठेवणे याला किती चिकाटी लागते, याचा धडा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखिते तपासण्यात आली. एकेका श्लोकाची अक्षरे कागदावरील चौकटींत मांडावयाची आणि प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचा, असे हे काम. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली निवर्तले. काम थांबले नाही. ते १९६६ साली पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे! आजच्या नियमाने दरवर्षी 'किती निबंध प्रसिद्ध झाले?' असे त्या विद्वानांना विचारले असते, तर त्यांचे गोपनीय अहवाल फारसे बरे आले नसते.

हे मी विनोदाने म्हणत असलो तरी त्यात एक दुखणे आहे. नेमणूक व बढती निबंधांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली, तेव्हा पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रा. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने अनुदान आयोगाच्या मान्य सूचीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांस उतरली नाहीत. कोणाचा पत्ता खोटा, कोणाचे मानांकनाचे दावे बनावट. मार्च २०१८ मध्ये बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे निवडक नियतकालिकांची नवी सूची आखण्याचे काम पुणे विद्यापीठातील कक्षाकडे आले. ती सूचीही आयोगाने २०२५ साली बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी ज्या त्या संस्थेवर टाकली. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. छापील आहे म्हणून खरे, हा भरवसा आता पुरत नाही.

उलट, जे संशोधन लोकांपर्यंत पोचते त्याचा वेग पाहा. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. त्या चौकाला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९३२ साली तेथे डॉ. रामदास यांच्या देखरेखीखाली शेती व हवामान यांचा संबंध अभ्यासणारा विभाग सुरू झाला, आणि १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामान संस्था स्थापन झाली. विजा कोठे पडत आहेत याची सूचना देणारे 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील साधन याच संस्थेचे. लावणीच्या वेळी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ती सूचना निबंधाहून अधिक उपयोगी, हे कोणीही मान्य करील.

मराठीत शास्त्र आणण्याची परंपराही पुण्यात आहे. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश १९२७ साली तेथेच पुरा झाला आणि 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून निघू लागले. परंतु संस्थांचे मूळ निबंध इंग्रजीतच राहिले. जगाशी बोलावयाचे तर ते अपरिहार्य आहे, हे मी मान्य करतो. मात्र ज्या गावातून माहिती घेतली तेथे दोन पानांचा मराठी सारांश धाडण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती.

म्हणून दोन कामे सुचवितो. आपल्या गावात पाहणीस येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वा संस्थेकडून निष्कर्षाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीच्या दप्तरी घ्यावा. ग्रामसभेने तसा ठराव करावा. पाहुण्याचा चहा-पाणी आपण करतोच, त्याच वेळी ही गोष्ट बोलून घ्यावी. दुसरे असे की, २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व लोक-जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी ती कचेरीत बसून भरली जाते, आणि मग दोन गावांच्या नोंदवह्या शब्दशः सारख्या निघतात. ती शाळेने भरावी. भाताचे वाण उभ्या पिकात ओळखू येतात, तेव्हा कापणीपूर्वीचा आठवडा त्यासाठी ठरवावा. वर्गातील मुलांसोबत गावातील दोन वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधावर न्यावे, ते सांगतील ती नावे त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत, आणि सांगणाऱ्याचे नाव त्यापुढे घालावे.