बंधाऱ्याचे दरवाजे आणि खालची माणसे



जलविद्युत म्हटली की भाक्रा आणि कोयना डोळ्यांसमोर उभी राहतात. त्यांच्या मानाने वळण बंधारा ही अगदी किरकोळ वस्तू. डोंगरी नदीच्या पात्रात एक बुटकी भिंत घालायची, पाणी बोगद्यातून काही अंतर खाली नेऊन जनित्रांवर सोडायचे आणि काम झाल्यावर ते पुन्हा नदीच्या स्वाधीन करायचे. गावे बुडत नाहीत, विस्थापितांचे मोर्चे निघत नाहीत. त्यामुळे पुष्कळ सुजाण माणसांनीही या योजना निरुपद्रवी मानल्या. शासनाने 25 मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांना ‘लघु’ ही उपाधी दिली. 2006 च्या अधिसूचनेत पूर्व-पर्यावरणीय मंजुरीची अट 25 मेगावॅटपासून वरच्या प्रकल्पांना लागू झाली. त्याखालचे मोकळे सुटले.

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातला ऋषिगंगा प्रकल्प असाच लघु, 13.2 मेगावॅटचा आणि खाजगी मालकीचा. तो रैणी गावाजवळ होता. 1974 च्या मार्चमध्ये गौरादेवी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारून ठेकेदाराला परत पाठवले ते हेच रैणी. प्रकल्पासाठी होणाऱ्या सुरुंगांविरुद्ध तेथील एका रहिवाशाने 2019 मध्ये उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. 7 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी रोंती शिखराचा एक प्रचंड भाग, खडक आणि हिम मिळून सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर, खाली कोसळला. त्या लोंढ्याने ऋषिगंगा प्रकल्प पुसून टाकला आणि धौलीगंगेत उतरून तपोवन येथील 520 मेगावॅटच्या, बांधकाम चालू असलेल्या सरकारी प्रकल्पावर तो आदळला. दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत लखीमपूर खेरीसारख्या दूरच्या जिल्ह्यातून पोटासाठी आलेले मजूर पुष्कळ होते.

कड्याचे कोसळणे कोणा अभियंत्याला थांबवता आले नसते, हे मान्य केले पाहिजे. पण लोंढा वरच्या प्रकल्पावरून गेल्यावर खालच्या प्रकल्पावरील कामगारांना सावध करण्याची काहीही व्यवस्था नव्हती. उंचावर असलेल्या एका गावकरी स्त्रीला पूर दिसला आणि तिने तपोवनला कामावर असलेल्या आपल्या मुलाला फोनवर फोन केले. तो आणि त्याचे सुमारे दोन डझन सोबती वर पळाल्यामुळे वाचले. कोट्यवधी रुपयांच्या दोन प्रकल्पांना जे जमले नाही, ते एका आईच्या फोनने केले. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच राज्याच्या आपत्ती दलाने रैणीजवळ पाण्याची पातळी टिपणारी भोंग्याची यंत्रणा उभी केली. म्हणजे ती अशक्य नव्हती, महागही नव्हती. तिचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात पडला असता आणि लाभ हिशेबाबाहेरच्या माणसांना मिळाला असता, एवढेच.

ऋषिगंगेला निसर्गाचा कोप म्हणून बाजूला सारता येईल. लारजीच्या बाबतीत तीही पळवाट नाही. वळण बंधाऱ्यामागचे तळे लहान असते. जनित्रे चालू असताना नदीचे पाणी बोगद्यातून जाते आणि बंधाऱ्याखालचे पात्र जवळजवळ कोरडे पडते. लोक तेथे उतरतात, गुरे हिंडतात, मुले दगडांवर बसतात. मागणी घटून जनित्रे मंदावली की तळ्यात पाणी साठवायला फारशी जागा नसते. दरवाजे उघडावे लागतात आणि सबंध नदी काही मिनिटांत पात्रात परतते. 8 जून 2014 च्या संध्याकाळी हिमाचलमध्ये बियास नदीवर हेच झाले. वीजनिर्मिती कमी करण्याचा आदेश आला, लारजीच्या बंधाऱ्यातून पाणी सुटले आणि हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे 24 विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा एक सहल-सहायक वाहून गेले. भिंतीला तडा गेला नव्हता. अभियांत्रिकीच्या अर्थाने बंधारा त्या दिवशी पूर्णपणे ‘सुरक्षित’ होता! 2016 मध्ये उच्च न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना 20 लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि वीज मंडळ, महाविद्यालय व राज्य शासन या तिघांवर त्याचा भार टाकला.

येथे समाजवाद्यांना एक अप्रिय गोष्ट पचवावी लागेल. ऋषिगंगा खाजगी होता, तपोवन केंद्राच्या उपक्रमाचा आणि लारजी राज्याच्या वीज मंडळाचा. नफ्याच्या हव्यासाने माणसाचा जीव स्वस्त होतो, हे खरेच. पण मालकी सार्वजनिक झाल्याने तो आपोआप महाग झाला नाही. दरवाज्याची कळ दाबणारा खाली राहणाऱ्यांना उत्तरदायी नसेल, तर त्याचा पगार कंपनी देते की शासन, याने नदीकाठी फारसा फरक पडत नाही.

2021 चा धरण सुरक्षा कायदा हे उत्तरदायित्व निर्माण करील अशी अपेक्षा होती. तो 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांना लांबी, साठा, विसर्ग अशा काही अटींवर. दहा मीटरखालचा बंधारा त्याच्या कक्षेतच येत नाही. एक अधिसूचना मेगावॅट मोजते, दुसरा कायदा मीटर मोजतो. खाली किती माणसे आहेत हे प्रवेशद्वारापाशी कोणीच विचारत नाही. अमेरिकेत धोक्याची वर्गवारी करताना धरण फुटल्यास खाली मनुष्यहानी संभवते का, हा प्रश्न पहिला असतो, उंची काहीही असो.

तेव्हा मागणी साधी आहे. वीजनिर्मितीसाठी नदी वळवणारी प्रत्येक भिंत, मग ती कितीही बुटकी असो, कायद्याच्या कक्षेत आली पाहिजे. पाणी सोडण्याचे वेळापत्रक खालच्या ग्रामपंचायतींना आगाऊ मिळाले पाहिजे, आणि भोंगा वाजून लोक पात्राबाहेर पडेपर्यंत दरवाजा उघडता कामा नये. आणीबाणीत तसे थांबता येणार नसेल, तर पात्रात पहारा हवा. भोंगा खरोखर ऐकू येतो की नाही याची दरमहा चाचणी व्हावी, आणि तिच्या नोंदवहीवर सही अभियंत्याची नव्हे, सरपंचाची असावी. कंत्राटी मजुरांसाठीही हाच नियम हवा, कारण बोगद्याच्या तोंडाशी सर्वांत आधी तेच असतात आणि हजेरीपटावर त्यांची नावे सर्वांत शेवटी सापडतात.