म्युकरमायकोसिस : बुरशी आणि तिची जमीन



या स्मृतिव्याख्यानासाठी मी म्युकरमायकोसिस हा विषय घेतला आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या इंदूरमध्ये 'काळी बुरशी' या नावाने त्याने घरोघरी धास्ती निर्माण केली होती. धास्ती ओसरली, नाव राहिले. आणि माझ्या मते ते नावच दिशाभूल करणारे आहे.

शिळ्या पावावर कापसासारखी जी बुरशी धरते, त्या रायझोपस जातीपासून हा रोग बहुधा होतो. शरीरात वाढणारे तिचे तंतू रुंद आणि रंगहीन असतात. काळा पडतो तो माणसाचा निर्जीव झालेला भाग. परंतु नावामुळे कांद्यावरच्या काळ्या थराविषयी अफवा उठल्या; ती बुरशी निराळीच. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तरीही रुग्णाजवळ बसायला नातेवाईक कचरत.

१८८५ साली पाल्टाउफ यांनी या रोगाचे वर्णन केले, म्हणजे तो नवा नव्हे. बुरशीचे बीजाणू माती, पालापाचोळा, धूळ यांत सर्वत्र असतात. ते श्वासावाटे आपल्या सर्वांच्या नाकात जातात आणि तेथील रक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. मधुमेह आटोक्याबाहेर गेला की या पेशी मंदावतात. त्यातच रक्तात आम्लता वाढली, तर प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सुटे होते. लोह हे या बुरशीचे खाद्य. याचा एक विलक्षण पुरावा वैद्यकाला अनपेक्षितपणे मिळाला. डायलिसिसच्या काही रुग्णांना शरीरातील जादा धातू काढून टाकण्यासाठी डेफेरॉक्सामिन हे औषध देत, आणि त्यांच्यातच हा दुर्मिळ रोग दिसू लागला. औषधाने बांधलेले लोह बुरशी स्वतःच उचलून घेत होती!

माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराला आपल्याला मधुमेह आहे हे ज्या दिवशी कळले, त्याच दिवशी त्याच्या टाळूवर काळा चट्टा आढळला. घरच्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, ही बुरशी आली कुठून?" ती बाहेरच्या हवेत नेहमीच होती, कित्येक महिने न तपासलेल्या साखरेने तिला जमीन तयार करून दिली होती.

२०२१ मध्ये अशी जमीन एकाच वेळी हजारो शरीरांत तयार झाली. कोविडने साखर वाढत होती, आणि स्टिरॉइडने ती आणखी वाढे, शिवाय रक्षक पेशीही दुबळ्या होत. डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस दिल्यास प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचतात, हे ब्रिटनमधील चाचणीने २०२० मध्ये दाखवले होते. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना त्याचा लाभ नव्हता. तरीही भयापोटी सौम्य आजारातही ते घेतले गेले, कधी मात्रेहून अधिक, कधी साखर न तपासता. त्या वर्षी २८ जूनपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. औषधाला मी दोष देणार नाही. ते देताना ग्लुकोमीटर हाताशी नव्हता, हे अधिक खटकते.

एकदा रुजली की ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते. आत गुठळ्या होतात, रक्त थांबते, त्यापुढचा भाग मरतो. नाकालगतच्या पोकळ्यांतून ती डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. ॲम्फोटेरिसिन बी हे तिच्यावरचे प्रमुख औषध. तेही मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालेले. ते मूत्रपिंडांना जाचक आहे, आणि मृत भागात रक्तच जात नसल्याने औषधही पोहोचत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते. कधी जबडा, कधी डोळाही काढावा लागतो. उशीर झाल्यास तेवढ्यानेही प्राण वाचतीलच असे नाही.

म्हणून मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू वा सुजू लागली, गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, दात विनाकारण हलू लागले किंवा एकाची दोन दिसू लागली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. तेथे नाकातला कण काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, बहुधा तासाभरातच, ते रुंद तंतू ओळखू येतात.