घराण्याचा दोष आणि गुणसूत्रांची परीक्षा
(आसनगाव येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आम्ही कळविला, तेव्हा कार्यकारी मंडळातील एक-दोन वृद्ध सभासदांनी काहीशा संकोचाने विचारले, की असल्या गोष्टी भरसभेत बोलावयाच्या काय? त्यांचा संकोच आम्हांस समजतो. गर्भपात, सदोष अपत्य आणि रक्ताचा कर्करोग ही नावे आपल्या घरांत हलक्या आवाजात उच्चारली जातात. परंतु हलक्या आवाजात बोलल्याने रोग हलका होत नाही. उलट, ज्याच्याकडे दोष नसतो त्याच्या माथी तो बसतो. म्हणून आरंभ आमच्याच घरातील एका प्रसंगाने करतो. ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे.

आमच्या एका चुलत वहिनींचे तीन गर्भ लागोपाठ तिसऱ्या महिन्याच्या आत गेले. पहिल्या वेळी घरात हळहळ झाली, दुसऱ्या वेळी नवस झाले आणि तिसऱ्या वेळी बोलणी सुरू झाली. वहिनींच्या माहेरी पूर्वी कोणाचे असेच झाले होते काय, पत्रिका नीट पाहिली होती काय, एकनाड तर नव्हती ना, अशा चौकशा झाल्या. घरात शिकलेले म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई ते आम्ही तेव्हा गप्प बसलो. ती आमची चूक होती, हे आज येथे कबूल करतो.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरांनी पतिपत्नी दोघांच्याही रक्ताची गुणसूत्र-परीक्षा करण्यास सांगितले. आमचे बंधू म्हणाले, "माझ्या रक्ताचे काय काम?" या एका प्रश्नापायी वर्ष गेले. अखेर ते तयार झाले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, ते असे : वहिनींची गुणसूत्रे सर्वथा निर्दोष, बंधूंच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे मात्र एकमेकांच्या जागी जोडले गेलेले.

आता हे गुणसूत्र म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत वारशाचा मजकूर सेहेचाळीस सूत्रांवर लिहिलेला असतो. तेवीस आईकडून आलेली, तेवीस बापाकडून. ही संख्यासुद्धा फार जुनी ठाऊक नव्हे. 1956 साली टियो आणि लेव्हान या दोन शास्त्रज्ञांनी स्वीडनमध्ये ती निश्चित मोजली. तोपर्यंत विद्वान मंडळी अठ्ठेचाळीस मानीत होती. 1959 साली फ्रान्समध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की ज्या बालकांना डाऊन सिंड्रोम असतो, त्यांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते.

परीक्षेची रीतही ऐकण्यासारखी आहे. शिरेतून थोडे रक्त घेतात. त्यातील पांढऱ्या पेशी स्वस्थ असताना गुणसूत्रे वेगवेगळी दिसत नाहीत. पेशी दुभंगू लागली म्हणजेच ती आखूड व स्पष्ट होतात. म्हणून घेवड्याच्या जातीच्या राजम्यातून काढलेले एक द्रव्य घालून त्या पेशींना सुमारे तीन दिवस उबेत वाढू देतात. मग ऐन दुभंगण्याच्या क्षणी त्यांना थांबविणारे औषध घालतात. ते कॉल्चिसिन या विषाच्या जातीचे असते आणि हेच विष पावसाळ्यात आपल्या डोंगरकपारीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असते. ती वनस्पती प्राणघातक आहे, तिला कोणी हात लावू नये. परंतु जिच्या नावातच बाळंतपणाच्या कळा आहेत, तिच्यातील द्रव्य गर्भाच्या परीक्षेच्या कामी यावे, हा योगायोग मनोवेधक खरा. पुढे पेशी फुगवून काचेवर पसरतात, रंगवितात, सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतात आणि सूत्रांच्या जोड्या लावून पट्टे तपासतात. जिवंत पेशी वाढवावयाच्या असल्याने या कामास दिवस लागतात. उत्तर उशिरा आले म्हणून कोणी घाबरू नये.

आमच्या बंधूंच्या बाबतीत तुकड्यांची अदलाबदल झाली होती, पण मजकूर एका अक्षरानेही उणा नव्हता. म्हणून ते स्वतः धडधाकट. परंतु बीज तयार होताना निम्मीच सूत्रे पुढे जातात. त्यात कधी एखादा तुकडा दुप्पट जातो, कधी मुळीच जात नाही. असा गर्भ बहुधा टिकत नाही. कधी मात्र वाटणी नीट होते आणि निरोगी मूल जन्मास येते. वारंवार गर्भपात होणाऱ्या दर शंभर जोडप्यांपैकी सुमारे तीन ते पाच जोडप्यांत असा प्रकार आढळतो आणि तो पुरुषातही असू शकतो. बाकीच्यांत कारणे निराळी असतात. म्हणूनच तपासणी दोघांची व्हावयास हवी.

चौथ्या खेपेस सोळाव्या आठवड्यात वहिनींची गर्भजल परीक्षा झाली. गर्भाची गुणसूत्रे निर्दोष निघाली. ते मूल आज शाळेत सातवीत आहे. बंधूंच्या रक्ताचे उत्तर घरी समजले, त्या दिवशी आमच्या काकूंनी वहिनींचा हात धरून त्यांना आपल्या पानाशेजारी जेवावयास बसविले. क्षमा मागण्याची आमच्या घरात रीत नाही. परंतु ती मागितली गेली, हे सर्वांनी जाणले.

गर्भजल परीक्षा हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात दुसरीच गोष्ट येईल, आणि ती यावयासही हवी. रोग शोधण्यासाठी निघालेल्या या विद्येचा उपयोग मुलगी आहे काय हे पाहून तिचा जन्म टाळण्यासाठी झाला, ही महाराष्ट्रास लाज आणणारी हकीकत आहे. त्यास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 साली झाला, 1996 साली अमलात आला व 2003 साली अधिक कडक झाला. या कायद्याने रोगनिदानार्थ परीक्षा बंद केलेली नाही. मातेचे वय पस्तिसांहून अधिक असेल, दोन वा अधिक गर्भपात झाले असतील, घराण्यात आनुवंशिक विकार असेल, अशा कारणांसाठी ती नोंदणीकृत ठिकाणी, स्त्रीस समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घेऊन करता येते. गर्भाचे लिंग मात्र सांगणे आणि विचारणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

डाऊन सिंड्रोमची शक्यता मातेच्या वयाबरोबर वाढते. पस्तिसाव्या वर्षी ती सुमारे साडेतीनशेत एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरात एक असते. तरुण मातांची बाळंतपणे अधिक, म्हणून अशी बरीच बालके तरुण मातांच्याच पोटी येतात. यासाठी अकराव्या ते तेराव्या आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी व रक्ताची चाचणी प्रत्येकीने डॉक्टरांना विचारून करावी. 1997 साली हाँगकाँगचे डेनिस लो यांनी दाखविले, की मातेच्या रक्तात गर्भाच्या डी.एन.ए.चे कण तरंगत असतात. त्यावरून दहाव्या आठवड्यापासून केवळ मातेचे रक्त घेऊन चाचणी करता येते. परंतु ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. चाळणीत संशय आला, तर निश्चितीसाठी गर्भजल वा वारेचा अंश तपासावाच लागतो. त्यात गर्भपाताचा धोका शेकडा एकाहून कमी असतो. उत्तर प्रतिकूल आल्यास पुढे काय करावयाचे, हा निर्णय त्या मातेचा आहे. अशी बालके प्रेमळ असतात, शिकतात, घरात रमतात. आणि जी माता असे मूल वाढविते, तिच्याकडे कोणी दयेने वा दोषाने पाहू नये.

आता दुसरा भाग. गुणसूत्रांची अदलाबदल जन्माबरोबर आली, तर ती आमच्या बंधूंप्रमाणे स्वतःस निरुपद्रवी ठरू शकते. परंतु तसलीच अदलाबदल पुढे आयुष्यात अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडली, तर ती पेशी बेबंद वाढू लागण्याचा संभव असतो. 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. 1973 साली जॅनेट राऊली या विदुषींनी दाखविले, की नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे बदललेले असतात. त्या सांध्यावर जे विकृत प्रथिन तयार होते, नेमके तेच रोखणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 साली उपचारात आली. पूर्वी ज्या रोगात काही वर्षांचेच आयुष्य उरे, त्यात आज असंख्य रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी, शेती व संसार करीत आहेत. या औषधाच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी अमान्य केला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळण्याचा मार्ग मोकळा राहिला.

रक्ताचा आणखी एक तीव्र कर्करोग आहे, ज्यात पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल असते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, ताप न हटणे ही त्याची लक्षणे. पहिल्या काही दिवसांत रक्तस्राव होऊन रोगी दगावू शकतो. परंतु वेळीच ओळखला, तर अ जीवनसत्त्वापासून बनविलेले औषध आणि वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेला सोमल यांच्या शास्त्रशुद्ध उपचाराने बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात. म्हणून अशा लक्षणांत अंगारे-धुपारे करीत आठवडा घालवू नये. त्याच दिवशी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. रक्ताच्या कर्करोगातील हे बदल सामान्यतः त्या एका पेशीतच घडतात; ते बापाकडून मुलाकडे जात नाहीत. "त्यांच्या घरात ब्लड कॅन्सर आहे" म्हणून एखाद्या मुलीचे स्थळ परतविणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे.

मग विवाहापूर्वी काय पाहावे? आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्ञातीतच, पुष्कळदा मामाच्या मुलीशी, विवाह करीत आलो. त्यामुळे एकच सुप्त दोष पतिपत्नी दोघांतही असण्याचा संभव वाढतो. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ रक्तगट शोधून काढला व जो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो, तोही आईबाप दोघांकडून एकच सुप्त जनुक आल्यानेच उद्भवतो. थॅलेसेमिया व सिकलसेल यांचेही असेच. एकटा वाहक असेल तर काही बिघडत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. ही वाहकता रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळते. परळ येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या या विकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिची स्थापना 1957 सालची. टाटा स्मारक रुग्णालयही परळातच, 1941 पासून. आसनगावाहून निघणारी आपली लोकल त्याच मार्गाने जाते. अंतर आहे ते स्थानकांचे नव्हे, संकोचाचे.

यास्तव संस्थेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वधूवर नोंदणीत पत्रिकेबरोबर रक्ततपासणीचा सल्ला छापावा. परंतु तिचे उत्तर नोंदवहीत कदापि लिहू नये, ते दोन्ही घरांनी आपसांत पाहावे. दुसरी, वाहक आहे एवढ्यावरून कोणाचे लग्न मोडू नये. कोणाशी जुळवावे आणि गर्भ राहिल्यावर कोणती तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. तिसरी, शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून मुंबईस उपचारार्थ जाणाऱ्या कुटुंबांबरोबर वाट माहीत असलेला एक स्वयंसेवक द्यावा आणि प्रवासखर्चासाठी एक लहानसा निधी उभारावा. त्या निधीसाठी आमच्या बंधूंनी व वहिनींनी पहिली रक्कम आजच कोषाध्यक्षांकडे दिली आहे.

पत्रिका ज्यांना पाहावयाची, त्यांनी अवश्य पाहावी. आमचा तीस विरोध नाही. एवढेच मागणे, की तीन गर्भ गेल्यावर दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी पुरुषाने आपला हात पुढे करून दोन चमचे रक्त द्यावे. आमच्या घराने ते एक वर्ष उशिरा दिले. आपण तेवढा उशीर करू नये.