पंधरा मिनिटांची पिठी

(अलोरे इथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



लावणीचा आठवडा कसा जातो हे तुम्हाला मी काय सांगायचं? सकाळी तरवा काढायचा, दिवसभर चिखलात वाकून लावायचा, आणि काळोख पडता पडता भिजून घरी यावं तर चूल वाट बघत असते. त्या दिवसांत आपल्या घरोघरी एकच बेत. भात आणि कुळथाची पिठी. तेलावर लसूण-मिरची टाकायची, पाणी ओतायचं, मीठ आणि दोन-तीन आमसुलं घालायची. उकळी आली की पाण्यात कालवलेलं अर्धी वाटी पीठ सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळायचं. पंधरा मिनिटांत पिठी तयार. जोडीला भाजलेला बोंबील असला तर मग काय बघायलाच नको.

"पिठीला वेळ तो काय लागतो?" असं घरात म्हणतात. मीही म्हणायचे. एकदा मी बसून हिशेब केला. भातकापणीनंतर त्याच जमिनीत कुळीथ पेरला. शेंगा आल्यावर उपटून, वाळवून, झोडपून, पाखडून घेतला. भाजला, भरडला, फोलं काढली, मग गिरणीतून दळून आणला. मे महिन्यात रातांबे फोडले, सालं रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली, तेव्हा आमसुलं झाली. आगोटीआधी सुकी मासळी उन्हं देऊन डब्यात भरली. पंधरा मिनिटांमागे असे किती दिवस!

आपल्या शेजारी पोफळीला कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली येतं आणि वीज होते. लांब शहरात कुणी बटण दाबतो, दिवा लागतो. त्याला धरणही दिसत नाही, बोगदाही नाही. आपल्या डब्यातल्या पिठाचं तसंच आहे.

केंद्र सरकारने २०१९ साली माणसं आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांचे ९७. पण करणारे पुरुष किती? सहा वर्षांवरचे मुलगे धरून, शंभरात जेमतेम २६.

आता माझंच सांगते. एका लावणीत मला सणकून ताप भरला. घरात नवरा आणि वीस वर्षांचा मुलगा. फळीवर पीठ, बरणीत आमसुलं. रात्री मुलगा उशाशी येऊन विचारतो, "आई, पीठ कुठल्या डब्यात आहे?" मी उठले आणि पिठी केली. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. पण उठू नको, असंही कुणी म्हटलं नाही. त्या रात्री तापापेक्षा हेच जास्त लागलं.

बरी झाल्यावर मी दोघांना चुलीपुढे उभं केलं. पहिल्या दिवशी गुठळ्याच गुठळ्या. पळी हातातून घ्यायला माझा हात शिवशिवत होता, पण मी बसून राहिले. जेवताना कुणी चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी पिठी जमली. आता लावणीच्या दिवसांत पिठी कुणी करायची याची पाळी असते. पाळी चुकते, भांडणंही होतात. पण पीठ कुठल्या डब्यात आहे, हे तिघांनाही ठाऊक आहे.

झटपट स्वयंपाक शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती बहुतेक बाईनेच वेळ कसा वाचवायचा ते सांगतात. मला वेगळं सांगायचं आहे. या आगोटीला डबे भरताना घरातल्या सगळ्यांना सोबत बसवा. कुळीथ पाखडायला, रातांबे फोडायला, डबे ओळखायला. मुलीला शिकवता तेवढंच मुलालाही शिकवा. आणि पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या तर मुकाट्याने खा, पण पळी हातात घेऊ नका.