नवें तुर्कस्तान

पहिल्या महायुद्धांत तुर्कांनीं साम्राज्य गमावलें. त्याच्याच अवशेषांतून नवें राष्ट्र उभें राहिलें. १९२३ मधील लोझानच्या तहानें परकीयांच्या जुन्या व्यापारी सवलती रद्द झाल्या आणि २९ ऑक्टोबरला अंकारा येथें प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२४ च्या मार्चमध्यें खिलाफतही संपुष्टांत आली. जिच्या रक्षणासाठीं हिंदुस्थानांत महात्मा गांधी व अली बंधू यांनीं चळवळ उभारली होती, ती खुद्द तुर्कांनींच मोडीत काढली!

अध्यक्ष मुस्तफा केमाल यांच्या सुधारणांचा वेग विलक्षण होता. १९२५ मध्यें शेतकऱ्याच्या पिकावरील दशांश कर उठला. १९२६ मध्यें स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा येऊन बहुपत्नीकत्व निषिद्ध झालें. १९२७ च्या शिरगणतींत दहांत जेमतेम एकाला वाचतां येत होतें. पुढच्याच वर्षीं अरबी लिपीच्या जागीं रोमन लिपि आली आणि प्रौढांसाठींही शाळा निघाल्या. मात्र नव्या पिढीला पूर्वजांचे ग्रंथ परके झाले. १९३५ मध्यें रशियन कर्जाच्या साहाय्यानें कायसेरी येथें मोठी कापडगिरणी सुरू झाली.

१९३४ मध्यें स्त्रियांना राष्ट्रीय सभेसाठीं मताधिकार मिळाला. परंतु मत द्यावयाचें कोणाला? पक्ष एकच होता! १९३० मध्यें केमाल यांच्याच संमतीनें निघालेला विरोधी पक्ष, त्याच्या सभांना गर्दी जमूं लागतांच, सुमारें तीन महिन्यांत विसर्जित झाला. सत्तेनें प्रजेला नवा पोषाख, नवीं अक्षरें व नवा कायदा दिला; प्रजेचें उलट बोलणें मात्र तिला सोसलें नाहीं. केमाल १९३८ मध्यें निवर्तले. मतपेटीच्या द्वारें तेथील सरकार बदलावयास १९५० साल उजाडावें लागलें.