तान्हेल्यांस पाणी देणें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या मंगल दिवशीं वक्त्यानें गतकाळाचें गुणगान करावें, दात्यांचे आभार मानावे आणि श्रोत्यांस वेळेवर भोजनास मोकळें करावें, अशी रीत आहे. ती मोडण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्या मंदिराचीं पन्नास वर्षें आपण आज साजरीं करीत आहों, त्याच मंदिरांत लहानपणीं आपणांकडून धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें पाठ करून घेण्यांत आलीं, आणि त्यांतील एका उत्तराचा हिशेब आज मांडावा असें आम्हांस वाटतें. शारीरिक दयेचीं कृत्यें सात. त्यांतील पहिलें भुकेल्यांस अन्न देणें, व दुसरें तान्हेल्यांस पाणी देणें.

पहिल्या कृत्यासाठीं आपण वर्षानुवर्षें धान्य गोळा करीत आलों. आजाऱ्यांसाठीं दवाखाने झाले, पोरक्यांसाठीं आश्रम झाले, मृतांसाठीं दफनभूमि झाली. दुसरें कृत्य मात्र इतकें सोपें वाटतें कीं, त्याचा वेगळा विचार करण्याची गरजच कोणास भासत नाहीं. दारीं आलेल्यास तांब्याभर पाणी कोण देत नाहीं? खरें आहे, परंतु जो आपल्या दारीं येऊंच शकत नाहीं, त्याची तहान कोणीं भागवावी, हा प्रश्न त्या तांब्याभर पाण्यानें सुटत नाहीं.

ही तहान पाहावयाची असेल तर फार दूर जावयास नको. पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत, घोड नदीवर डिंभे येथें मोठें धरण आहे. कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांपैकीं हें एक. येडगांव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगांव जोगे हीं उरलेलीं चार शेजारच्या जुन्नर तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. हा महाळुंगे पडवळचा गिरणीकामगार तरुण १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मोटारीपुढें आडवा झाला व देशासाठीं प्राणांस मुकला. त्याच्या नांवाच्या जलाशयांत सुमारें साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावतें. प्रकल्पाचें पाणी जुन्नर, आंबेगांव व शिरूर येथेंच थांबत नाहीं. पारनेर, श्रीगोंदें, कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें येथवरच्या रानांस तें भिजवितें. त्या अवर्षणग्रस्त मुलखांतील शेतकऱ्यांच्या मुखीं गेलेला घांस आम्हांस नकोसा नाहीं. त्यांच्या पिकाचा आनंद आम्हांसही आहे.

परंतु धरणाच्या वरच्या अंगास काय आहे? तेथें महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांच्या वाड्यावस्त्या आहेत. यांच्यांतील कित्येकांचीं खाचरें, घरें आणि देवळें जलाशयाच्या पोटांत गेलीं. ज्या आंबेगांवाच्या नांवानें तालुका आजही ओळखला जातो, तें मूळ गांवच बुडीतांत गेलें. ज्यांनीं आपली भूमि पाण्यास दिली, त्यांच्याच वस्त्यांतील बाया चैत्र-वैशाखांत डोक्यावर हंडा व कडेवर कळशी घेऊन खडकाळ उतारानें पाण्यासाठीं उतरतात, आणि कित्येक गांवांस टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या भाषेंत यासाठीं म्हणच आहे: धरण उशाला आणि कोरड घशाला.

असें कां व्हावें, हें समजून घेतल्यावांचून दया करूं जाणें म्हणजे आंधळ्यानें वाट दाखविण्यासारखें होईल. पहिलें कारण भूमीचें. सह्याद्रि हा काळ्या कातळाचा. घाटमाथ्यावर वर्षांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, पण कातळांत तो मुरत नाहीं. डोंगरावरून धांवत ओढ्यांतून नदीस मिळतो. पावसाळ्यांत ज्या डोंगरानें ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांव गाडून दीडशेंवर जीव घेतले, त्याच भागांतील विहिरी व झरे पुढच्या उन्हाळ्यांत आटतात. दुसरें कारण उंचीचें. वस्ती वर, पाणी खालीं. आणि उन्हाळ्यांत कालव्यांना आवर्तनें सुटूं लागलीं म्हणजे जलाशयाची कड आणखी खालीं सरकते. पाणी वर चढवावयास पंप हवा, नळ हवा, वीज हवी, आणि दरमहा विजेचें देयक भरणारी गांठ हवी. तिसरें कारण मात्र भूमीचें नव्हे, मनाचें आहे: थोडक्या माणसांची तहान मोठ्या हिशेबांत दिसतच नाहीं.

तो हिशेब आपण करून पाहूं. खेड्यांतील प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें, असें माप सरकारनें २०१९ सालीं आरंभिलेल्या जलजीवन योजनेंत ठरविलें आहे. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारें २,८०० कोटि लिटर. या मापानें एवढें पाणी सुमारें चौदा लक्ष माणसांस वर्षभर पुरेल, आणि सबंध आंबेगांव तालुक्याची वस्ती त्याच्या पावपटही नाहीं. म्हणजे जलाशयाच्या तेरा-चौदा भागांतील एका भागाच्याही लहानशा अंशांत हें काम होण्याजोगें आहे. तेव्हां उणीव आहे ती पाण्याची नव्हे. तें योग्य दारीं पोंचविण्याची आहे.

पोंचलेलें पाणी स्वच्छही पाहिजे. पटकी, विषमज्वर, कावीळ आणि लेंकरांचा अतिसार हे सारे दूषित पाण्याच्या वाटेनें घरांत येतात. १८५४ सालीं लंडन शहरांत डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीचे रोगी कोणत्या पंपाचें पाणी पीत होते याचा माग काढिला, तेव्हांपासून ही गोष्ट जगास ठाऊक आहे. आपल्याकडील नारूचें उदाहरण तर त्याहून बोलकें आहे. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरीत. त्यामुळें नारूचे जंतु पाण्यांत व तेथून दुसऱ्यांच्या पोटांत जात. या रोगावर लस नव्हती, रामबाण औषध नव्हतें. पाणी फडक्यानें गाळलें, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, लोकांस समजाविलें. आणि २००० सालीं भारत नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. ज्या काळीं बायांनीं पदर दुहेरी करून पाणी गाळलें, त्या काळीं त्यांच्या हातून वैद्यकाचें केवढें कार्य झालें!

पाण्याचें दान ही या भूमीस नवी गोष्ट नव्हे. जुन्नरच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे शिलालेख आहेत. त्यांत पाण्याच्या टाक्यास ‘पोढी’ म्हटलें आहे, आणि अशीं टाकीं खोदवून देणाऱ्यांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांपैकीं एक इरिल नांवाचा यवन, म्हणजे परदेशी, असून त्यानें दोन टाकीं दान दिलीं. तो कोण, कोठला, येथें व्यापारास आला कीं कायमचा राहिला, यांतील कांहीं त्या ओळींत नाहीं. परक्या मुलखांत येऊन त्यानें कातळांत पाणी सांठविलें, एवढी एकच ओळख त्यानें मागें ठेविली आहे. परदेशांतून आलेल्या मिशनऱ्यांच्या हातून श्रद्धेचें दान मिळालेल्या आपणांस ही ओळख जवळची वाटावी.

परंतु ज्या देशांत पाण्याचें दान पुण्य मानलें, त्याच देशांत पाण्यावर पहारेही बसले. पुण्यास जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां तें मोठें धाडस ठरलें. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. तो हक्क न्यायालयांत कायम व्हावयास १९३७ साल उजाडलें. ख्रिस्ताचें नांव घेणारे सगळेच या पापापासून अलिप्त होते असें छातीवर हात ठेवून म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. याकोबाच्या विहिरीपाशीं आपल्या प्रभूनें काय केलें तें स्मरा. ज्या शोमरोनी स्त्रीच्या भांड्यास त्याचे लोक शिवले नसते, तिच्यापाशीं त्यानें स्वतः पाणी मागितलें. देण्यापूर्वीं त्यानें मागितलें, आणि मागून तिला मान दिला. पाणी देणाऱ्यानें हा क्रम विसरूं नये.

हा क्रम आम्हीं एकदां विसरलों होतों, तें येथें कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच मंडळींनीं एका डोंगरवस्तीस हापसा बसवून दिला. वर्गणी उत्साहानें जमली, संगमरवरी पाटी लागली, पाटीवर आपलीं नांवें आलीं. हापसा कोठें बसवावा हें आपण वस्तीस विचारलें नाहीं. गाडी जेथवर जाते तेथें तो बसला. दोन उन्हाळ्यांनंतर आम्ही तेथें गेलों तेव्हां पाटी चकचकीत होती आणि हापसा बंद होता. आंतलें वाशर झिजलें होतें. तें बदलावयास ना कोणास शिकविलें होतें, ना हत्यारें दिलीं होतीं. एक वृद्धा पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, “दादा, ह्यो दगड लई चांगला हाय, पन त्याला पानी न्हाई येत.” तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

योग्य मार्ग दाखविणारेही आपल्याच ख्रिस्तसभेंत होऊन गेले. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ सालीं हिंदुस्थानांत आले व त्यांनीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, ही आपली कर्मभूमि केली. १९९३ सालीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं पाणलोट विकासाची संस्था उभारली. २०२१ सालीं फादर बाखर प्रभूकडे गेले. त्यांची शिकवण साधी होती. पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवावें. गांवानें स्वतः श्रमदान करावें. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गांवानेंच ठरवावी आणि पाळावी. पैसा बाहेरून आला तरी निर्णय गांवाचा असावा. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीसारखीं कोरडीं गांवें या मार्गानें सांवरलीं. 

मग आपण काय करावें? मोठ्या योजना सरकारच्या हातच्या आहेत. त्या वेळेवर व्हाव्या म्हणून ग्रामस्थांच्या अर्जांस आपलें बळ द्यावें, हें नागरिक या नात्यानें आपलें कर्तव्य आहे. परंतु आपल्या हातचींही कामें थोडीं नाहींत.

पहिलें काम छपरावरील पाण्याचें. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. पंचवीस चौरस मीटरांच्या पत्र्यावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर पंचवीस हजार लिटर होतात. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास दररोज पन्नास लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या एकशें वीस दिवसांस सहा हजार लिटर पुरतात. पहिल्या पावसाचें पाणी सोडून द्यावें, टांकी झांकलेली व अंधारी असावी, आणि पाणी तोटीनें घ्यावें. तांब्या आंत बुडवूं नये.

दुसरें काम झऱ्यांचें. झऱ्याच्या मुखाभोंवतीं दगडी कोंडी बांधावी, आंत खडी भरावी, वर झांकण घालावें आणि पाणी नळीनें बाहेर काढावें, म्हणजे गुरांचे पाय व हंड्यांचे तळ पाण्यांत जात नाहींत. झरा वस्तीच्या वर असेल तर पाणी विजेवांचून आपल्या पायांनीं खालीं येतें.

तिसरें काम शुद्धीकरणाचें. गढूळ पाणी आधीं तुरटीनें निवळावें. नंतर चांगली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम घालावी आणि निदान एक तास थांबावें. पावडर दमट झाली कीं तिचा जोर जातो, म्हणून ती घट्ट झांकून ठेवावी. घरीं लेंकरांसाठीं पाणी उकळावें.

चौथें काम सर्वांत लहान, म्हणून सर्वांत दुर्लक्षित: दुरुस्तीचें. वस्तींतील दोन बायांस हापसा उघडण्यास शिकवावें, हत्यारांची पेटी त्यांच्या घरीं ठेवावी आणि वाशरांची खरेदी आपण सांभाळावी. पाणी कोणास लागतें, कोठें लागतें, हें त्यांच्या तोंडून आधीं ऐकावें. ती वस्ती ख्रिस्ती आहे कीं नाहीं, हें मात्र कोणीं विचारूं नये. प्रभूनें तहानेल्याची जात वा धर्म विचारल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. उलट त्या तहानेल्यांत तो स्वतःच आहे, असें त्यानें आपणांस सांगून ठेविलें आहे.

२०१५ सालीं परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत पिण्याजोगें सुरक्षित पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचें शिकविलें. त्यापूर्वीं, २०१० सालीं, संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेनेंही तो मान्य केला होता. हक्क म्हटला कीं दान हा शब्द थोडा लाजतो. आपण देतों तें आपलें नसून त्यांचेंच असेल, तर त्यास परतफेड म्हणणें अधिक सत्य होईल.

आणि आजचा दिवस परतफेडीचाच आहे. आपण ज्यास महोत्सव म्हणतों, त्याचें मूळ पवित्र शास्त्रांतील योबेल वर्षांत आहे. त्या पन्नासाव्या वर्षीं ज्याची भूमि गेली त्यास ती परत मिळे, बंदिवान सुटे, ऋणी मोकळा होई. डिंभ्याच्या बुडीतांत गेलेलीं खाचरें आपण परत आणूं शकत नाहीं. त्यांच्यावर उभें राहिलेलें पाणी मात्र ज्यांचीं तीं होतीं त्यांच्या उंबऱ्यापर्यंत नेण्यास हात लावूं शकतों.

तेव्हां आमची विनंती एवढीच. या महोत्सवाच्या निधींतील कांहीं भाग बाजूस काढावा. येत्या उन्हाळ्यापूर्वीं आपल्यांतील चार जणांनीं त्या वस्तीवर जावें. आणि जातांना प्रथम तो बंद हापसा दुरुस्त करून द्यावा. संगमरवरी पाटी काढून ठेविली तरी चालेल. पाणी आलें कीं त्या वृद्धेपाशीं तांब्याभर मागावें, आणि तिनें दिलें तर उभ्यानें नव्हे, तिच्या अंगणांत बसून प्यावें.

प्रभू आपल्या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षें असेंच जिवंत पाणी देवो. तथास्तु.