थेंब खाली पडतो, गळती वर असते

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपली गाडी, आपला हिशेब’ या भाषणाचा मजकूर)



आम्ही भाजीपाला आणि हातसडीचा तांदूळ विकणाऱ्या बचत गटातल्या बाया. गटाची एक जुनी डिझेल पिकअप आहे. अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून माल भरायचा आणि संगमनेरच्या बाजारात पोचवायचा, हे तिचं काम. गाडी एक दिवस उभी राहिली की भाजी सुकते आणि हप्ता डोक्यावर बसतो. म्हणून आज जुन्या गाडीच्या ऑइल गळतीविषयी बोलूया.

पाऊस संपता संपता आमच्या गाडीखाली काळे डाग दिसायला लागले. एका गॅरेजात सांगितलं, “मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” त्या कामाला लागणारा पैसा म्हणजे गटाची दोन महिन्यांची बचत. आम्ही एवढंच म्हणालो, “दादा, आधी ऑइल निघतंय कुठून ते दाखवा, मग काम काढू.” हा एक प्रश्न विचारल्यामुळे पुढे काय काय कळलं, ते ऐका.

आधी इंजिनाला ऑइल कशाला लागतं ते पाहू. इंजिनाचे लोखंडी भाग एकमेकांवर फिरतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो घर्षण कमी करतो, उष्णता वाहून नेतो, मळ स्वतःकडे घेतो. ऑइल कमी पडलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून गाडी चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर “पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ” असं म्हणायचं नाही. बाजूला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं.

ऑइल मोजणं पीठ मोजण्यापेक्षा अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली उतरतं. पट्टी काढा, चिंधीनं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्त ऑइलाला फेस येतो आणि ते सीलमधून बाहेर ढकललं जातं. आमच्याकडे दर सोमवारी ही मोजणी होते. तारीख, किलोमीटर आणि किती ऑइल घातलं, हे गटाच्याच वहीत लिहितो. वही असली की गळती वाढतेय की तेवढीच आहे, हे अंदाजानं सांगावं लागत नाही.

आता गाडीखालचा डाग. रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा अंथरा. पुढची चाकं कुठे आहेत याची पुठ्ठ्यावर खूण करा. सकाळी डाग कुठे आहे ते दिसेल आणि काय गळतंय तेही कळेल. तपकिरी किंवा काळं, बोटाला बुळबुळीत लागणारं, ते इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं, ते गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं, ते रेडिएटरचं कूलंट. त्याला गोडसर वास येतो, म्हणून ते मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नका, ते विषारी असतं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पायडलपाशी पातळ, पिवळसर ओल दिसली, तर ते ब्रेक ऑइल समजा. मग गाडी हलवायची नाही, मिस्त्रीला दारात बोलवायचं.

पुठ्ठा कोरडा आहे आणि पट्टीवरचं ऑइल तरी कमी होतंय? मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का पाहा. तसं असेल तर ऑइल आत जळतंय. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर त्यात पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढत असेल, तर डिझेल किंवा पाणी मिसळतंय. ही तिन्ही कामं मिस्त्रीची.

गळती शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थेंब इंजिनाच्या सर्वांत खालच्या टोकावरून पडतो, पण गळती बहुतेक वेळा त्याच्या वर असते. कौलाचं पाणी वाशावरून घरंगळत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं, तसंच हे. त्यात चालत्या गाडीचा वारा ऑइल मागे नेतो. म्हणून आधी इंजिन धुवायचं. थंड इंजिनावर ब्रशनं थोडं डिझेल लावून चिकटा सोडवा, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. धुताना डायनॅमो, वायरींचे जोड आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं झाका. डिझेलचा वास जाईपर्यंत इंजिन सुरू करू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यालाही जवळ येऊ देऊ नका.

मग गाडी नेहमीच्या एका फेरीवर न्या आणि परत आल्यावर बॅटरी लावून वरून खाली बघत या. ओल जिथे सर्वांत वर दिसेल, तिथे गळती. नीट कळत नसेल तर संशयाच्या कोरड्या जागी तोंडाला लावायची पावडर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि बंद करून पाहा. पांढऱ्यावर काळी रेघ उठते. रांगोळी मात्र वापरू नका, ती दगडाची भुकटी असते. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

वरून खाली बघण्याच्या जागा अशा. पहिलं, ऑइल भरायचं झाकण. त्याचं रबर कडक झालं की तिथून ओघळ येतो. दुसरं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाडीत गळतीची ही फार नेहमीची जागा, कारण उष्णतेनं रबर वाळून चिरतं. तिसरं, ऑइलचा दाब दाखवणारा स्विच. चौथं, ऑइल फिल्टर. पाचवं, पट्ट्याच्या बाजूचं पुढचं सील. सहावं, खालचं चेंबर आणि त्याचा ड्रेन बोल्ट. सर्वांत शेवटी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं मागचं सील. ते सील स्वतः महाग नसतं. महाग असतं ते तिथवर पोचणं. म्हणून आधी बाकीच्या सगळ्या जागा कोरड्या आहेत ना, याची खात्री करून घ्यायची. ते सील खरंच गेलं असेल, तर टाळाटाळही करू नका. ऑइल क्लच प्लेटवर गेलं की चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही.

आमच्या गाडीत ओल कुठे निघाली? टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथून ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर जात होतं. खालून पाहिलं तर मागचंच सील वाटावं. गॅरेजवाल्या दादांना दोष देण्यात अर्थ नाही, इंजिन न धुता कुणालाही तसंच वाटलं असतं.

शिवाय आमच्या गाडीचा ब्रीदर पाइप काळ्या चिकट्यानं बुजला होता. इंजिनाच्या पोटात साठणारी हवा बाहेर जायची ती वाट. ती बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. कुकरची शिट्टी अडकली की वाफ रिंगपाशी वाट काढते, तसं. ब्रीदर न बघता नवं सील बसवलं, तर काही महिन्यांत तेही गळू शकतं. ब्रीदर साफ असूनही ऑइलच्या झाकणातून धूर जोरात फुसफुसत असेल, तर आतल्या रिंगा झिजल्यात का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या.

दुरुस्ती करतानाही आपण शेजारी उभं राहावं. टॅपेट कव्हरचं जुनं पॅकिंग पूर्ण काढून दोन्ही कडा स्वच्छ पुसल्या पाहिजेत. खरवडलेला कचरा इंजिनात पडता कामा नये. बोल्ट थोडे थोडे, सगळीकडून सारखे आवळायचे. जास्त आवळलं तर पॅकिंग चेपतं, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सिलिकॉन लावायचंच असेल तर सांगितलेल्या जागी, अगदी थोडं. जास्तीचं सिलिकॉन आत गळून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बघा. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानंच आवळा. ड्रेन बोल्टला नवा वायसर घाला. गळती थांबवणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात. त्यानं कडक झालेलं रबर काही दिवस मऊ होतं, पण फाटलेलं सांधत नाही.

आमचं काम पॅकिंग, थोडं ऑइल आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीत झालं. पुन्हा अंथरलेला पुठ्ठा आठ दिवस कोरडा राहिला. गिअरबॉक्सला हातही लागला नाही.

जाता जाता काळ्या ऑइलविषयी. काढलेलं ऑइल नाल्यात, बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. जनावरांच्या जखमांना लावू नका. हाताला लागलं तर साबणानं धुवा, कारण वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर ते अपायकारक असतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, ऑइल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजात द्या.

मैत्रिणींनो, गाडी गटाच्या नावावर असेल, तर ती कशामुळे बिघडली हे समजून घेण्याचा हक्कही गटाचा आहे. पाना आपल्या हातात नसला तरी चालेल. पुठ्ठा, चिंधी, बॅटरी आणि वही एवढं तर प्रत्येकीच्या घरात असतंच. गॅरेजात जाताना वही सोबत न्या आणि “ओल सर्वांत वर कुठे आहे, ते दाखवा” एवढं न लाजता म्हणा. गाडी दारात असेल तर आज रात्रीच पुठ्ठा टाका. सकाळी काय दिसलं, ते गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्याजणींना सांगा.